बार्शी लाईट रेल्वे कंपनी आणि बालाघाटाचा चढ

बीड शहरात आगगाडी इतकी उशिरा का आली, असा प्रश्न केला असता बहुधा एकच उत्तर मिळते : बालाघाट आडवा आला. हे उत्तर इतके सोयीचे आहे की ते तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. डोंगर दिसतो, त्यास बोट दाखविता येते. त्यामुळे डोंगर हेच कारण असे मानून अभ्यासकही पुढे जातात. परंतु बीड जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपासून फार दूर नसलेल्या एका जागी, याच बालाघाटाच्या कडेवर, एका खाजगी कंपनीने १९०७ साली अडीच फुटी रूळमार्ग चढवून दाखविला होता. ही कंपनी म्हणजे बार्शी लाईट रेल्वे कंपनी. तिचा इतिहास नीट पाहिला म्हणजे डोंगराला दिलेला दोष किती खरा आणि किती उसना, याचा निवाडा पुष्कळ अंशी करता येतो.

प्रथम ‘बालाघाट’ या नावाकडे पाहावे लागेल. मराठीत ‘घाट’ म्हणजे डोंगर नव्हे. डोंगर चढून जाण्याची किंवा उतरण्याची वाट म्हणजे घाट. युरोपीय लोकांनी वाटेचे नाव डोंगरास दिले आणि ‘घाट’ हा शब्द पर्वतरांगेचे नाव म्हणून भूगोलाच्या पुस्तकांत रूढ केला. ‘बाला’ हा फारसी शब्द, अर्थ ‘वर’. म्हणून ‘बालाघाट’ म्हणजे घाट चढून गेल्यावर लागणारा वरचा मुलूख, आणि त्याच्या उलट ‘पाईनघाट’ म्हणजे खालचा मुलूख. वऱ्हाडात व कर्नाटकात ही जोडी महसुली व्यवहारात दीर्घकाळ प्रचारात होती. बीड जिल्ह्यात ‘पाईनघाट’ रुजला नाही. तेथे खालच्या मुलखाला ‘गंगथडी’ म्हणतात. गेवराई, माजलगाव हा गोदावरीकाठचा काळा सपाट भाग गंगथडीत मोडतो; पाटोदा, केज, अंबाजोगाई या बाजूचा उंचवटा हा बालाघाट. नावाच्या घटनेवरूनच एक गोष्ट उघड होते. ज्या लोकांनी हे नाव दिले त्यांच्या दृष्टीने बालाघाट ही भिंत नव्हती. ती वर जाण्याच्या वाटा असलेली पायरी होती.

भूरचनाही याला दुजोरा देते. सह्याद्रीच्या हरिश्चंद्रगडापासून निघालेली ही रांग आग्नेयेकडे अहमदनगर (आता अहिल्यानगर), बीड, उस्मानाबाद (आता धाराशिव) आणि लातूर या प्रदेशांतून जाते. तिच्या उत्तरेस गोदावरीचे खोरे आणि नैऋत्येस सीनेचे व भीमेचे खोरे. मांजरा नदी पाटोदा तालुक्यात या उंचवट्यावरच उगम पावते, आणि बीड शहरातून वाहणारी बिंदुसराही याच डोंगरातून येते. दख्खनच्या लाव्हाथरांचा हा डोंगर माथ्यावर सपाट आहे. अवघड आहे ती त्याची पायऱ्यापायऱ्यांची कड. आगगाडीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, एकदा योग्य जागी कड चढून गेल्यावर पुढे मैलोगणती विशेष अडचण नाही. भोरघाटाशी याची तुलना होऊ शकत नाही. तेथे ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीस २५ बोगदे खोदावे लागले, ३७ फुटांत १ फूट इतका तीव्र चढ पत्करावा लागला, आणि हजारो मजुरांच्या श्रमांनंतर १८६३ साली तो मार्ग खुला झाला.

याच पेनिन्शुला कंपनीने भोरघाटाचे काम चालू असतानाच पुण्याहून आग्नेयेकडे भीमेच्या खोऱ्यातून आपला मार्ग नेला. १८६० साली तो सोलापुरास पोहोचला आणि १८७१ साली रायचूर येथे मद्रासच्या मार्गास मिळाला. मुंबई आणि मद्रास जोडणे हा त्याचा हेतू होता. वाटेतील बाजारपेठा त्यात आल्या तर आल्या. बार्शी ही त्या काळची मोठी पेठ. तिच्या उत्तरेस व पूर्वेस निजामाचा मुलूख पसरलेला होता आणि तेथील कापूस, गळिताची धान्ये व कडधान्ये बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून बार्शीस उतरत असत. परंतु पेनिन्शुला कंपनीचा मार्ग बार्शीस गेला नाही. तो सुमारे २१ मैल दूर कुर्डुवाडीवरून गेला आणि तेथील स्थानकास कंपनीने ‘बार्शी रोड’ असे नाव दिले.

रेल्वेच्या नामकरणातील हा ‘रोड’ शब्द लक्ष देण्याजोगा आहे. ज्या गावाचे नाव स्थानकास दिले ते गाव स्थानकावर नाही, तेथून रस्त्याने पुढे जावयाचे आहे, असा त्याचा अर्थ. नाशिक रोड हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. मराठी बोलण्यात हा ‘रोड’ आता गावाच्या नावाचाच भाग होऊन बसला आहे व त्यातील मूळ कबुली कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही. ती कबुली अशी की, रूळ टाकताना या पेठेला वळसा देऊन पुढे जाण्याचे ठरले होते. पुढे बार्शी लाईट कंपनीने बार्शीत जे स्थानक बांधले त्याचे नाव ‘बार्शी टाउन’ असे पडले. बार्शी रोड आणि बार्शी टाउन या दोन नावांमधले अंतर भरून काढणे एवढेच त्या कंपनीचे पहिले काम होते.

हे अंतर भरून काढण्याची कल्पना एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची. त्याचा जन्म १८५७ सालचा. इंग्लंडमधील रेल्वे कारखान्यांत शिक्षण घेऊन १८८२ साली तो पेनिन्शुला कंपनीत इंजिनांचा निरीक्षक म्हणून भारतात आला. मुख्य मार्गापासून दूर राहिलेल्या पेठा त्याने पाहिल्या, आणि अशा पेठांना स्वस्तातल्या हलक्या रूळमार्गांनी मुख्य मार्गाशी जोडावे हा विचार त्याने धरला. सरकारशी वाटाघाटी करण्यात बरीच वर्षे गेली. अखेर १८९५ साली लंडन येथे बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. (‘लाईट’ म्हणजे येथे ‘हलकी’. दिव्याच्या अर्थी हा शब्द आज मराठीत घरोघर झालेला असल्यामुळे विद्यार्थ्यांची कधी कधी भलतीच समजूत होते, म्हणून हा खुलासा.)

कॅलथ्रॉपचा खरा वाटा रूळमापाच्या निवडीत नसून भाराच्या हिशेबात आहे, आणि हा हिशेब समजून घेतल्याशिवाय या कंपनीचे महत्त्व कळत नाही. रूळमार्गाचा खर्च कशावर ठरतो? रूळ किती जड, त्याखालचे लाकडी स्लीपर किती दाट, पूल किती मजबूत, यांवर. आणि हे सर्व ठरते ते त्या मार्गावरून जाणाऱ्या सर्वांत जड आसावर. गाडीचे एकूण वजन कितीही असो, रुळाच्या एका बिंदूवर एका वेळी जो भार पडतो तोच रुळाला सोसावा लागतो. सामान्य मार्गांवर इंजिनाचे आस डब्यांच्या आसांहून फार जड असत. म्हणजे दिवसातून काही क्षण जाणाऱ्या इंजिनासाठी सबंध मार्ग भारी करावा लागे. कॅलथ्रॉपने उलट बाजूने आरंभ केला. यार्डास अवघा ३० पौंड वजनाचा रूळ त्याने धरला, त्या रुळाला सोसेल असा ५ टनांचा भार प्रत्येक आसास ठरवून दिला आणि इंजिन असो वा वाघीण असो, कोणत्याही आसाने ही मर्यादा ओलांडू नये असा नियम केला.

मग जड इंजिन कसे आणावयाचे? आस वाढवून. लीड्स येथील किटसन कंपनीने बार्शीसाठी बांधलेल्या पहिल्या इंजिनांना आठ जोडचाके आणि मागे चार भारवाहक चाके होती; म्हणजे एकंदर सहा आस, आणि प्रत्येकी ५ टनांच्या हिशेबाने जास्तीत जास्त ३० टन. इतके वजन हलक्या रुळावर चालविता आले. मालाच्या वाघिणींचाही हाच न्याय. दोन्ही टोकांस स्वतंत्रपणे वळणारे दुचाकी-जोडाचे गाडे बसवून चार आसांवर वीस टनांपर्यंतचा भार वाटून दिला. वाघिणींच्या चौकटी दाबलेल्या पोलादाच्या पत्र्याच्या केल्यामुळे वाघिणीचे स्वतःचे वजन घटले आणि त्या भारातील बहुतेक भाग मालासाठी मोकळा राहिला. भारतात पाठविण्यापूर्वी ही सामग्री लीड्सजवळ न्यूले येथे खास घातलेल्या रूळमार्गावर चालवून दाखविण्यात आली. अडीच फुटी मार्ग म्हणजे खेळण्यातली गाडी, या त्या वेळच्या समजुतीस ह्या चाचण्यांनी चांगलाच धक्का दिला.

डोंगराच्या दृष्टीने या व्यवस्थेचे आणखी एक फळ होते. रूळमाप अरुंद आणि गाडे वळणारे असल्यामुळे मार्गास लहान त्रिज्येची वळणे देता येतात. वळणे घट्ट घेता आली की मार्ग डोंगराच्या अंगाबरोबर वळत जातो. खोदकाम कमी होते, भराव कमी होतात. रुंद मार्ग डोंगर फोडीत जातो, अरुंद मार्ग डोंगराशी जुळवून घेत जातो. बालाघाटासारख्या पायऱ्यांच्या कडेवर ही सोय विशेष उपयोगी होती.

बार्शीपर्यंतच्या पहिल्या टप्प्यात डोंगर नव्हताच. तो पुढे आला. १९०६ साली बार्शी रोडपासून पश्चिमेकडे पंढरपूरपर्यंतचा फाटा खुला झाला. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेने या फाट्यास जे उतारू दिले त्यांच्यामुळे ‘बार्शी लाईट’ हे नाव व्यापाऱ्यांच्या पलीकडे वारकऱ्यांच्या तोंडी गेले. १९०७ साली पूर्वेकडे बार्शीहून तडवळ्यापर्यंत मार्ग वाढला आणि याच टप्प्यात पांगरी ते येडशी यांच्या दरम्यान, रामलिंगाच्या रानातून, मार्गाने बालाघाटाची कड चढली. भोगावती-सीनेच्या खोऱ्यातून तेरणा-मांजरेच्या खोऱ्यात जाणारा हा चढ आहे. तेरणाकाठचे तेर या मार्गापासून दूर नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’ या ग्रंथात ज्या तगर नगरातून गाड्यांवर माल लादून भडोचकडे जात असल्याचा उल्लेख येतो, ते तगर म्हणजे हेच तेर असे विद्वानांनी ठरविले आहे. बालाघाटावरचा माल खाली उतरविण्याचा धंदा, यावरून दिसेल की, आगगाडीच्या फार पूर्वीचा आहे. १९११ साली मार्ग लातूरला पोहोचला.

लातूरपर्यंत जाण्यात कंपनीचा हिशेब स्पष्ट होता. लोकमान्य टिळकांनी १८९१ च्या सुमारास भागीदारीत जो सरकी काढण्याचा कारखाना घातला तो लातुरास. म्हणजे आगगाडी येण्याच्या वीस वर्षे आधीच पुण्याच्या माणसास तेथील कापसात भांडवल घालण्याजोगा व्यापार दिसत होता. कंपनीने व्यापार निर्माण केला नाही. चालत आलेल्या व्यापाराचा मार्ग आपल्या रुळांवर वळविला. निजामी मुलखात ती शिरली तीही मालाच्या मागोमाग.

येथे एका समकालीन कंपनीची आठवण होते. ज्या १९०७ साली बार्शी लाईट बालाघाट चढली, त्याच साली नेरळ-माथेरान हा दोन फुटी मार्ग खुला झाला. तो अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी सुमारे सोळा लाख रुपये खर्चून बांधविला आणि त्याच्या कामीही कॅलथ्रॉपचाच सल्ला होता. तेथे वीस फुटांत एक फूट असा चढ आहे. माथेरानची गाडी जगाला माहीत आहे. येडशीचा चढ सोलापूर-उस्मानाबादच्या बाहेर कोणास ठाऊक नाही. कारण उघड आहे. माथेरानास डोंगर हेच गंतव्य होते आणि उतारू तो पाहण्यासाठीच येत. बार्शी लाईटच्या उतारूस डोंगर केवळ ओलांडावयाचा होता. परंतु आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने पाहता अधिक मोठे काम कोणी केले याविषयी फारसा संशय नको. एकीने थंड हवेच्या ठिकाणी माणसे नेली, दुसरीने एका सबंध उंचवट्याचे पीक बाजारास जोडले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९११ साली बीड जिल्ह्याची स्थिती काय होती? पश्चिमेस दौंड-मनमाड मार्ग १८७८ पासून अहमदनगरवरून जात होता. उत्तरेस, गोदावरीच्या पलीकडून, मनमाड-औरंगाबाद-जालना-परभणी-नांदेड-हैदराबाद हा निजामी राज्यातील मीटरमापी मार्ग १९०० च्या सुमारास खुला झाला होता. दक्षिणेस बार्शी लाईट. चौकोनाच्या तीन बाजू रुळांनी बांधल्या गेल्या होत्या आणि मधोमध बीड कोरडे होते. बार्शी लाईटच्या येडशी-लातूर मार्गावर ‘कळंब रोड’ नावाचे एक स्थानक आहे. कळंब तेथून उत्तरेस, मांजरेच्या काठी. मांजरा ओलांडली की बीड जिल्ह्याचा केज तालुका. वर सांगितलेला ‘रोड’चा अर्थ ध्यानात घेतला म्हणजे हे नाव किती बोलके आहे ते कळते. या स्थानकापासून केजकडे जाताना कड चढावयाची नाही, ती मागे येडशीलाच चढून झालेली आहे. वाट उंचवट्यावरची आहे, आणि आडवी आहे ती मांजरा. तरीही रूळ त्या दिशेस वळले नाहीत.

याहून निर्णायक पुरावा खुद्द बीड जिल्ह्यातच सापडतो. १९२९ ते १९३२ या काळात निजामी राज्याच्या रेल्वेने परळी वैजनाथ दोन बाजूंनी गाठले : उत्तरेकडून परभणीहून मीटरमापी मार्गाने आणि आग्नेयेकडून विकाराबाद-बीदरवरून रुंदमापी मार्गाने. दुसरा मार्ग बालाघाटाच्या माथ्यावरून घाटनांदूरला येतो आणि तेथून डोंगर उतरून पायथ्याच्या परळीस जातो. म्हणजे बीड जिल्ह्याच्या हद्दीतच बालाघाटाची कड आगगाडीने ओलांडलेली आहे, आणि तीही अरुंद नव्हे तर रुंद रुळांनी. हे १९३२ च्या सुमारास घडले असताना पुढे कित्येक दशके ‘बालाघाट आडवा आला’ हे कारण सांगितले जात राहिले, ही गोष्ट नवलाची खरी.

मग आडवे आले ते काय? याच रुंदमापी मार्गावर ‘लातूर रोड’ हे स्थानक आहे. ते लातूरपासून सुमारे तीस-पस्तीस किलोमीटरांवर आहे. लातूरला बार्शी लाईटचे रूळ १९११ मध्येच आले होते. वीस वर्षांनी दुसऱ्या यंत्रणेचे रूळ लातूरच्या बाजूने, पण लातूरला न शिवता, परळीकडे गेले. या दोहोंमध्ये डोंगर नाही, दोन्ही स्थानके उंचवट्यावरच आहेत. तरी ही तीस-पस्तीस किलोमीटरांची फट अनेक दशके उघडी राहिली आणि मुंबईचा माल व हैदराबादचा माल एकमेकांस पाठ करून उभे राहिले. जी गोष्ट लातूर आणि लातूर रोड यांच्यात घडली तीच अधिक मोठ्या प्रमाणावर बीडच्या बाबतीत घडली. एका बाजूस लंडनच्या भागधारकांची, कुर्डुवाडीकडे तोंड असलेली अडीच फुटी कंपनी. दुसऱ्या बाजूस हैदराबादकडे तोंड असलेली राज्याची रेल्वे. दोघींचा प्रदेश जेथे संपतो तेथे बीड पडले.

हैदराबाद राज्यातील रेल्वेचे धोरण हे केवळ अभियंत्यांचे नव्हते, हेही विसरता येत नाही. १८८३ साली लंडन येथे निजामाची हमी असलेली रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिच्या भागधारकांस द्यावयाच्या व्याजाचा बोजा राज्याच्या खजिन्यावर होता. त्याच वर्षी चांदा रेल्वे योजनेच्या प्रश्नावर हैदराबादेत चर्चा उसळली आणि तीत पुढाकार घेणाऱ्या अघोरनाथ चट्टोपाध्यायांना राज्याबाहेर काढण्यात आले. जेथे प्रत्येक मैलामागे खजिन्यास हमी भरावी लागते, तेथे माल राज्याबाहेरच्या बार्शीकडे किंवा अहमदनगरकडे नेणाऱ्या मार्गास प्राधान्य मिळणे कठीणच होते. १९३० साली राज्याने ही रेल्वे विकत घेतली. तोवर तिची दिशा ठरून गेलेली होती. आणि ती दिशा निजामाच्या बाजूने पाहता अव्यवहार्य म्हणता येत नाही. आपल्या खजिन्याने शेजाऱ्याची पेठ का पोसावी, हा प्रश्न कोणत्याही दरबाराने विचारला असता.

बार्शी लाईट कंपनीस मात्र यातून सर्वस्वी निर्दोष ठरविता येणार नाही. ज्या गुणामुळे ती डोंगर चढली तोच गुण पुढे तिच्या वाटेत आला. अडीच फुटी वाघीण मुख्य मार्गावर जाऊ शकत नाही. लातूरहून आलेले प्रत्येक पोते, प्रत्येक गासडी कुर्डुवाडीस हमालांच्या डोक्यावरून रुंदमापी वाघिणीत चढवावी लागे. रस्त्याच्या गाड्यांशी स्पर्धा नव्हती तोवर हा खर्च सोसला गेला. मालमोटारी आल्यावर तो डोळ्यांवर येऊ लागला. कॅलथ्रॉपला हा दोष कळला नव्हता असे नाही. १९०४ साली इंग्लंडात त्याच्या देखरेखीखाली खुल्या झालेल्या लीक-मॅनिफोल्ड या अडीच फुटी मार्गावर त्याने रुंद मार्गाच्या वाघिणी जशाच्या तशा वाहून नेणारे गाडे वापरले. बार्शीस त्याने जे शिकले त्याचा लाभ स्टॅफर्डशायरच्या दूधवाल्यांस झाला. तो मार्गही १९३४ साली बंद पडला. स्वतः कॅलथ्रॉप पुढे हवाई छत्रीच्या शोधात गुंतला आणि १९२७ साली निवर्तला. त्याच वर्षी कंपनीचा पंढरपूर-मिरज हा शेवटचा मोठा टप्पा खुला झाला व मार्गाची एकूण लांबी सुमारे २०२ मैल झाली.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले. १ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाईट सरकारने ताब्यात घेऊन मध्य रेल्वेत विलीन केली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. ज्या दोन सीमांनी बीडची कोंडी केली होती त्या दोन्ही अशा प्रकारे आठ वर्षांत पुसल्या गेल्या. अपेक्षा अशी की, आता तरी रूळ जुळतील. पण सीमा कागदावरून जितक्या लवकर जाते तितक्या लवकर जमिनीवरून जात नाही. रूळमापाचा फरक, स्थानकांची तोंडे, पेठांच्या सवयी ही सर्व जुन्या सीमेची शिल्लक होती. कुर्डुवाडी-लातूर मार्ग २००७-२००८ मध्ये रुंदमापी झाला. त्या वेळी मार्गाची आखणी बदलून तो उस्मानाबाद शहरावरून नेण्यात आला. जिल्ह्याचे ठाणे असूनही त्या शहरास जुन्या अरुंद मार्गाने टाळले होते. म्हणजे शंभर वर्षांनी एक ‘रोड’ कमी झाला असे म्हणावयास हरकत नाही. कुर्डुवाडीचा कंपनीचा कारखाना मात्र टिकला आणि माथेरानच्या गाडीची मोठी दुरुस्ती तेथे होत आली आहे. कॅलथ्रॉपच्या दोन डोंगरी मार्गांची गाठ अशी त्याच्या पश्चात पडली.

अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरांच्या रुंदमापी मार्गास १९९५-९६ मध्ये मान्यता मिळाली. पुढे खर्चाचा निम्मा भार राज्य शासनाने उचलला. अहमदनगरपासून नारायणडोहपर्यंतचा पहिला तुकडा तयार व्हावयास २०१७ साल उजाडले. २३ सप्टेंबर २०२२ रोजी गाडी आष्टीपर्यंत आली. तेथून पुढे अमळनेरच्या बाजूने बालाघाट ओलांडून १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, ती बीडला पोहोचली. मान्यता आणि बीडमधील पहिली गाडी यांत सुमारे तीस वर्षे गेली. बार्शी लाईट कंपनीने स्थापनेपासून बालाघाट चढून तडवळे गाठण्यास बारा वर्षे घेतली होती, हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. अर्थात दोन्ही मार्गांचे रूळमाप, भूसंपादनाचे नियम आणि मजुरीचे दर भिन्न असल्यामुळे या तुलनेस मर्यादा आहेत. परंतु त्या मर्यादा मान्य करूनही विलंबाचा भार डोंगरावर टाकता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात बीड ते परळी हा तुकडा बाकी होता. तो जुळला म्हणजे दौंड-मनमाड मार्ग आणि निजामी राज्याचा परळी मार्ग हे प्रथमच बीड जिल्ह्याच्या मधून एकमेकांस मिळतील.